सहरीच्या वेळी बिघडलेला गिझर

यंदा रमजान फेब्रुवारीत आला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून हा महिना दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 1993 मध्येही तो फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाला होता. तेव्हा कोकणात आजोळी पहाटे तांब्याचा बंब पेटायचा. आता नेरूळच्या फ्लॅटमध्ये ते काम गिझर करतो. बंब बिघडलेला मला आठवत नाही. गिझर मात्र नेमका बारावीच्या परीक्षेची ड्युटी आणि संध्याकाळी घरी इफ्तार अशा दिवशी बिघडला.

पहाटे साडेचारला बटण दाबलं आणि घरभर अंधार. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर ईएलसीबी पडलेला. गिझर बंद करून तो वर केला, दिवे आले. पुन्हा गिझर लावला, पुन्हा अंधार. लेक म्हणाली, "माळ्यावरचा रॉड काढू?" मी नको म्हटलं. घाईत रॉड बंद न करताच बादलीत हात जातो.

अम्मी 76 वर्षांची, महिन्यापूर्वीच न्यूमोनियातून उठलेली. डॉक्टरांनी रोजे मना केलेत. त्याऐवजी ती फिदया देते, दर रोज्यामागे एका गरजूचं जेवण. नमाज मात्र सोडत नाही. तिच्यासाठी शेगडीवर पातेलं ठेवलं, पण चपात्या आणि दुधासाठी दोनदा उतरवलं. फजरची अजान झाली तेव्हा ती न्हाणीघरातून बाहेर येत होती. हात थरथरत होते. वुजू गार पाण्यानेच केलं होतं.

"सांगायचं ना, अम्मी!"

"तू गडबडीत होतीस, बेटा."

पाणी अपाय करणार असेल तर आजाऱ्याला तयम्मुमची सवलत आहे: स्वच्छ मातीला हात लावून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. तिची आठवण दिली, तर अम्मी म्हणाली, "घरात पाणी आहे, गॅस आहे. सवलत कशाची?" मी गप्प झाले.

सात वाजता शेजारच्या काकू गरम पाण्याची बादली घेऊन दारात. "पहाटे तुमचे दिवे दोनदा गेले. बेल का नाही वाजवलीस?"

"तुमची झोप कशाला मोडायची, काकू?"

"अगं, तुमच्या भांड्यांनी महिनाभर मी उठतेच!" म्हणून हसल्या आणि आत जाऊन अम्मीजवळ बसल्या. मी परीक्षेला वेळेवर पोहोचले ते त्यांच्यामुळे.

चार वाजता इलेक्ट्रिशियन आला. कॉइलवर क्षाराचा जाड थर होता, खाली धातूचं आवरण तडकलेलं. आत पाणी शिरून करंट गळत होता. 30 मिलीअँपिअरची गळती झाली की ईएलसीबी पडतो. "पडला म्हणून वाचलात, मॅडम. दोनेक वर्षांनी उघडून साफ करून घेत जा." मग बाटली घेऊन तो जिन्याकडे निघाला. "तुमचा रोजा आहे, मी बाहेर पितो." म्हटलं, "रोजा आमचा आहे, तहान तुमची. बसून प्या." अम्मीने त्याला पंख्याखाली खुर्ची दिली.

इफ्तारला काकूही आल्या. गिझर आता नीट चालतो. तरी सहरीला पहिली शेगडी मी अम्मीच्या पाण्यासाठी ठेवते. तवा त्यानंतर.