डोकं वर, मान मोकळी

परभणी जिल्ह्यात कुणाच्या मेंदूत गाठ दिसली की नातेवाईक फाइल घेऊन बहुधा नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. गाठ कसली, हे एमआरआयवरून दर वेळी ठरत नाही. मग कवटीला लहानसं भोक पाडून सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात. ही बायोप्सी. आत रक्तस्राव झाला तर तो दिसत नाही, बोटाने दाबताही येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ या नात्याने माझं लक्ष सुईच्या आधी, पेशंटला टेबलावर झोपवण्याकडे असतं.

सोनपेठकडचे एक काका होते. जागेच, फक्त कातडी बधिर केलेली. डोक्याला चार पिनांनी फ्रेम बसवलेली. गाठ उजवीकडे, म्हणून डोकं डावीकडे वळवायचं होतं. नुसती मान पिळली तर जुग्युलर शिरा दाबल्या जातात, आणि मेंदूतलं रक्त हृदयाकडे उतरतं ते मुख्यतः त्यांच्यातूनच. कालव्याची चारी खाली तुंबली की पाणी मागे फुगतं, तशा मेंदूतल्या शिरा फुगतात. मग सुई लागलेल्या शिरेतलं रक्त लवकर थांबत नाही.

आम्ही काकांच्या उजव्या खांद्याखाली उशी सरकवली. अंगच वळलं, मान जवळजवळ सरळ राहिली. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं जातात ना, ते पाहिलं. टेबलाची डोक्याकडची बाजू साधारण 20 अंश उचलली. डोकं हृदयाच्या वर आलं की शिरांतला दाब उतरतो. फार उचललं तर रक्तदाब घसरतो, उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. फ्रेम टेबलाला जखडलेली, त्यामुळे अंग खाली घसरलं तर मान ताणली जाईल. म्हणून गुडघ्यांखाली गादी दिली.

“काका, खोकला येतोय वाटलं की लगेच सांगा. आम्ही थांबू.” खोकल्याच्या एका उबळीने शिरांतला दाब उसळतो.

तुकडे निघाले. सुईतून थोडं रक्त आलं. सर्जननी सुई हलवली नाही. रक्त बाहेर वाहू दिलं, सुईतून सोडलेलं सलाइन स्वच्छ येईपर्यंत वाट पाहिली. नंतरचा सीटी चांगला आला.

झोपवण्याच्या पद्धतीने सगळा धोका टळत नाही. सुईचा मार्ग, प्लेटलेट, रक्तदाब, गाठीचा प्रकार यांचाही वाटा मोठा आहे. पण शिरांवरचा ताण कमी करणं आमच्या हातात असतं, आणि त्यासाठी घरच्यांची मदत लागते. जुना खोकला, मानेचं दुखणं, झोपल्यावर लागणारी धाप, रक्त पातळ करणारी गोळी हे सगळं आम्हाला आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका. ती कधी थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील.