कंचेभागुबेव बदलता येईल का?

नागपुरातल्या कुठल्याही शाळेत फळ्यावर १० − ३ + २ लिहून पाहावे. बहुतेकांचे उत्तर ९ येते, एखाद्याचे ५. या दुसऱ्याने ‘कंचेभागुबेव’ शब्दशः पाळलेले असते: आधी ‘बे’, मग ‘व’. खरे तर बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच. त्या डावीकडून उजवीकडे करत जायचे. क्रियांचा हा क्रम निसर्गाने ठरवलेला नाही, तो माणसांनी मानलेला संकेत आहे. मग संकेत अडचणीचा ठरला, तर बदलावा का?

संगणकाच्या ‘सी’ भाषेत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. तिच्यात & हे चिन्ह दोन संख्यांची द्विमान रूपे एकाखाली एक ठेवते आणि दोन्हीकडे १ असेल तेथेच १ लिहिते. ६ म्हणजे ११०, ४ म्हणजे १००; म्हणून ६ & ४ चे उत्तर ४. आणि == हे चिन्ह ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत का?’ असे विचारते. असतील तर उत्तर १, नसतील तर ०. आता ६ & ४ == ४ किती? आपण १ म्हणू. ‘सी’ ० म्हणते! तिथे == ची क्रिया आधी होते: ४ == ४ चे १, मग ६ & १ चे ०.

‘सी’च्या आधीच्या ‘बी’ भाषेत & हेच चिन्ह दोन अटी जोडणारे ‘आणि’ म्हणूनही वापरत. अटी आधी तपासायला हव्यात, म्हणून & चा क्रम खाली. पुढे ‘आणि’साठी && हे वेगळे चिन्ह आले, तेव्हाच & ला वर घेता आले असते. भाषेचे जनक डेनिस रिची यांनी तसे नंतर मान्यही केले. पण तेव्हा काहीशे किलोबाइट मजकूर लिहून झाला होता आणि भाषा फार तर तीन ठिकाणी वापरात होती, म्हणून म्हणे हात लावला नाही. तीन ठिकाणी!

आज बदलावे का? आम्हाला तसे वाटत नाही. भाषेतला एखादा शब्दच काढून टाकला, तर जुनी आज्ञावली अडते आणि चूक लगेच दिसते. क्रम बदलला तर ती अडत नाही. तीच ओळ मुकाट्याने वेगळे उत्तर देऊ लागते. म्हणून ‘जीसीसी’सारखा कंपायलर सांगितल्यास अशा ओळीवर ‘कंस घाला’ असा इशारा देतो, एवढेच. दुरुस्ती केली ती नव्या भाषांनी: ‘पायथन’मध्ये आणि २००९ साली आलेल्या ‘गो’मध्ये & आधी, तुलना नंतर. ‘जावा’ने क्रम जुनाच ठेवला, पण संख्या आणि खरे-खोटे यांची & ने गाठ घालू दिली नाही; आपली वरची ओळ तिथे चालतच नाही.