मुलाच्या अंगावरचे वळ आणि डॉक्टरांचे प्रश्न

माडाला सोंड्या भुंगा लागला की वरून काही दिसत नाही. झावळ्या हिरव्यागार, नारळही लागलेले. जाणता माणूस मात्र बुंध्याशी वाकतो, कुठे बारीक भोक आहे का, त्यातून तांबूस पाणी पाझरते का ते पाहतो, कान लावून आत कुरतडण्याचा आवाज ऐकतो. शेंडा कलल्यावर धावाधाव करून माड वाचत नाही. या पानावर माडाविषयी आम्ही पुष्कळ लिहितो. आज लेकरांविषयी लिहीत आहोत. विषय अवघड आहे, पण टाळण्याजोगा नाही.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रात मूल घेऊन गेल्यावर कधी कधी डॉक्टर किंवा नर्सबाई खोलात विचारू लागतात. "हे कसे लागले? कधी लागले? त्या वेळी घरी कोण होते?" काही आईबापांना राग येतो. आमच्या घरातल्या गोष्टी यांना कशाला, असे वाटते. हे प्रश्न का विचारले जातात ते समजून घेतले, तर राग बराच कमी होईल.

१९६२ साली अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. पडून लागले म्हणून इस्पितळात आणलेल्या कित्येक मुलांची हाडे मारहाणीने मोडलेली असतात, आणि आईबाप असे करतील हे मनाला पटत नाही म्हणून डॉक्टरांना ते दिसत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या सर्व राज्यांत संशय आल्यास कळवण्याचे कायदे झाले. पण न ओळखणारा कळवणार काय? म्हणून काही राज्यांनी प्रशिक्षणाचीही सक्ती केली. पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१५ पासून नवा परवाना घेणाऱ्या डॉक्टर-नर्सना या विषयाचे तीन तासांचे शिक्षण घ्यावे लागते, आणि परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला दोन तासांचे.

आपल्याकडे कळवण्याची सक्ती आहे, ती केवळ डॉक्टरांवर नव्हे, सर्वांवर. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे हे ज्याला कळले, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. शुद्ध हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. शिकण्याची सक्ती परवान्याला तशी जोडलेली नाही. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना सरकारने वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे, एवढे २०२० च्या नियमांत आहे. आमच्या मते हे पुरेसे नाही. गाडी चालवण्याच्या परवान्यालाही परीक्षा असते.

गोव्याला हा धडा फार महाग पडला. मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली. दयाळू म्हणून मिरवणारा हा माणूस मुलांचे काय करीत होता, ते त्याच्याकडे सापडलेल्या शेकडो छायाचित्रांवरून उघड झाले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. फोटो धुणाऱ्याच्या हाती मुलांचे अश्लील चित्र आले तर त्यानेही पोलिसांना कळवावे, असे त्यात मुद्दाम घातले आहे. वर्षानुवर्षे किती जणांनी पाहिले आणि गप्प बसले, याचा हिशोब त्या एका कलमात दिसतो.

डॉक्टरांविषयीचा मोठा निकाल महाराष्ट्रातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार २०१९ मध्ये बाहेर आला. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहिती असून त्यांनी कळवले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धची कारवाई रद्द केली. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सुरू करण्यास सांगितले, आणि तातडीने कळवणे टाळले तर कायद्याचा हेतूच बुडतो असे बजावले. डॉक्टर दोषी की निर्दोष ते त्या निकालाने ठरवले नाही. कळवण्याचे कर्तव्य मात्र पक्के केले.

आता ओळखायचे कसे? चालते-धावते मूल पडते, तेव्हा गुडघा, नडगी, कोपर, कपाळ येथे लागते. कान, मान, पोट, पाठ, कुल्ले येथे सहसा लागत नाही. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग दिसला तर शिकलेला डॉक्टर थांबतो. चार महिन्यांच्या आतील बाळाला तर कुठेही असा डाग असू नये, कारण ते स्वतःहून हलतच नाही. गरम पाणी सांडले तर भाजल्याचे ओघळ वेडेवाकडे असतात. हात किंवा पाय धरून पाण्यात बुडवला तर मोज्यासारखी सरळ रेघ उमटते. सांगितलेली हकीकत दर वेळी बदलते का, आणायला दोन दिवस का लागले, हेही पाहिले जाते.

प्रशिक्षणाचा फायदा निरपराध्यालाही होतो. आपल्या कित्येक बाळांच्या पाठीखाली, कमरेशी जन्मतःच निळसर डाग असतात. ते मूल मोठे होताना बहुधा जातात. नवख्या डॉक्टराला ते माराचे वाटू शकतात, शिकलेल्याला नाही. पोटदुखीवर तापल्या सळईने डाग देणारे अजूनही काही ठिकाणी आहेत. तो द्वेषाने दिलेला नसतो हे खरे, पण मूल भाजते ते भाजतेच, आणि ही चाल आपण सोडलीच पाहिजे.

लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा अंगावर खूणच नसते. तपासणीत काही आढळले नाही म्हणजे मूल खोटे बोलते, असे मुळीच नाही. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, मूल एखाद्याच माणसाकडे जायला रडते, अभ्यासात एकाएकी मागे पडते. यातले एखादे लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते, म्हणून घाईने कुणावर बोट ठेवू नये. केंद्र सरकारने २००७ मध्ये गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यातील निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आपण मुलांना परक्यापासून जपायला शिकवतो, आणि काका-मामांच्या, शेजाऱ्यांच्या, शिक्षकांच्या स्वाधीन करतो.

पाद्रीबाबांच्याही, हे लिहिताना आमचा हात जड होतो. पण अनेक देशांत ख्रिस्तसभेतील अधिकाऱ्यांनी असे अपराध झाकले, हे सत्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम केला, तो २०२३ मध्ये कायमचा झाला: धर्मगुरू व व्रतस्थांनी अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळवलीच पाहिजे. देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही.

सक्तीची एक अडचणही आहे. दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी पोलिसांच्या भीतीने इस्पितळ टाळते आणि जीव धोक्यात घालते. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीने किंवा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांना कळवताना तिचे नाव उघड न करण्याची मुभा दिली. गर्भपाताविषयी आपली शिकवण काय ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्या मुलीने डॉक्टरांपासून पळू नये एवढे आम्हांला वाटते.

मुलाने काही सांगितले तर ऐकून घ्यावे. खोदून खोदून विचारू नये, आणि त्याचेच शब्द लक्षात ठेवावे. १०९८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट फोन लागतो. अत्याचार नुकताच झाला असेल तर मुलाला आंघोळ घालू नये. कपडे धुवू नयेत, ते प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता कागदी किंवा कापडी पिशवीत घ्यावेत, आणि जवळचे आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळी गाठावे. काही औषधे ७२ तासांच्या आतच लागू पडतात. पोलिसांत तक्रार झालेली नसली, कागदपत्रे जवळ नसली, तरी उपचार नाकारता येत नाही, आणि त्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असते, आणि आई किंवा मुलीच्या विश्वासातले माणूस त्या वेळी जवळ राहू शकते.