ताळा जुळला, तरीही

नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी होती: प्रोग्रॅम चालवणाऱ्याचा युजर क्रमांक शून्य आहे का? शून्य म्हणजे रूट, संगणकाचा सर्वाधिकारी. पण सी भाषेत तुलना करायला बरोबरची दोन चिन्हं लागतात आणि तिथे एकच होतं. एका चिन्हाने किंमत तपासली जात नाही, दिली जाते. त्यामुळे ती ओळ काही विचारतच नव्हती. ठरावीक पर्याय देऊन ते फंक्शन वापरणाऱ्याला ती थेट रूट करून टाकत होती.

मुख्य कोड बिटकीपर या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत होता, सीव्हीएस या दुसऱ्या प्रणालीत त्याची नक्कल. बदल फक्त नकलेत झाला होता. पडताळणीत ताळा जुळला नाही आणि चलाखी उघडी पडली.

एप्रिल २००५मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही अशीच नवी प्रणाली लिहिली, तेव्हा हा ताळा रचनेतच बसवला. फाइलच्या मजकुरावरून एसएचए-१ हे सूत्र ४० अंकाक्षरांचा हॅश काढतं. रिकामी फाइल जगात कुठेही एसएचए-१ वापरणाऱ्या गिटमध्ये टाका, तिचा हॅश ‘ई६९डीई२९’नेच सुरू होणार. फोल्डरच्या नोंदीत फाइलींचे हॅश, कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीत, फोल्डरचा हॅश आणि शिवाय आधीच्या कमिटचा. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिथून आजपर्यंतच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. २०११मध्ये लिनक्स कर्नलचा कोड वाटणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली, तरी कोडचा इतिहास सुरक्षित राहिला. तोच इतिहास, त्याच हॅशसकट, हजारो डेव्हलपरांकडे होता.

पण एसएचए-१ अभेद्य नव्हतं. २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार केल्या. गिटने त्याच वर्षी अशी बनावट ओळखणारी तपासणी जोडली. आता एसएचए-२५६चा पर्यायही आहे.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच फटीची. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. घातक कोड चाचणीच्या फाइलींत लपवून गिटमध्येच ठेवलेला होता, पण तो जागा करणारी स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे वितरणासाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात होती. गिटमधला प्रत्येक हॅश बरोबर होता. कारण हॅश मजकूर बदलला नाही एवढंच सांगतो. लिहिणाऱ्याचा हेतू तो सांगू शकत नाही, आणि इथे लिहिणारा तर प्रकल्पाचा विश्वासातला देखभालकर्ता होता. दुसऱ्या संगणकावर एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला हे सापडलं.

गिटबाहेर, हाताने टारबॉल बांधायची पद्धत आता बंदच व्हायला हवी. गिटमधल्या सही केलेल्या टॅगवरून, म्हणजे आवृत्तीच्या खुणेवरून, तो कुणालाही पुन्हा बांधता यावा आणि बाइट न बाइट जुळवून पाहता यावा. तयार पॅकेजांसाठी असंच काम डेबियन या लिनक्स वितरणाची मंडळी २०१३पासून चिकाटीने करत आहेत.