डाव्या खांद्याच्या मापाचा स्टॉक

मिस्त्रींनी सुरुवातीला रायफलीला हातही लावला नाही. आधी मुलीला समोर उभं केलं. परळची, नववीतली, डावखुरी. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगून त्यांनी कोपराच्या आतल्या घडीला टेप टेकवली आणि तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घेतलं. बत्तीस सेंटीमीटर. चापापासून स्टॉकच्या, म्हणजे दस्त्याच्या, मागच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण इतकंच हवं. मोठ्या माणसासाठी केलेल्या स्टॉकमध्ये ते चौतीस-पस्तीस असतं. ते दोन-तीन सेंटीमीटर भरून काढायला ही मुलगी वर्षभर मान पुढे काढून आणि खांदा मागे ओढून नेम धरत होती.

त्यात भर डावखुरेपणाची. सरावाला मिळणारा स्टॉक उजव्या हाताचा. गालाला टेकायचा उंचवटा त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे हिच्या गालाच्या नेमका उलट्या बाजूला. मुठीचा फुगवटाही तळव्यात बसायचा सोडून बोटांना टोचायचा. तिच्या कार्डावरचे छर्रे फाकायचे, आणि मोठी माणसं तिला एकाग्रता वाढव म्हणून सांगायची. हे माझ्या मनाला फार लागतं. मुलाच्या अंगाला बसत नसलेल्या हत्याराचा दोष आपण किती सहज मुलाच्या स्वभावावर ढकलतो.

या भागात नेमबाजी नवी नाही. शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात ती शिकवली जाते, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजात असताना एनसीसीतून या खेळाकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. वरच्या पातळीवर आता अॅल्युमिनियमचे स्टॉक असतात, गालापासून खांद्यापर्यंत प्रत्येक भाग स्क्रूने वरखाली होणारे. पण तशी रायफल लाखांच्या घरात जाते. सुरुवात करणाऱ्या मुलीला लाकूड परवडतं, आणि लाकूड हवं तसं कापता येतं.

नवा स्टॉक बसवायची रायफल घरचीच होती, काकांनी ठेवलेली जुनी नॅशनल ३५. बॅलार्ड इस्टेटमध्ये कचेरी असलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने केलेली, नळी मोडून छर्रा भरायची, ४.५ मिलिमीटरची. यंत्र ठणठणीत, स्टॉक मात्र मुठीपाशी चिरलेला. चिरायचा तो तिथेच चिरतो, कारण सगळ्यात निमुळता भाग तोच. म्हणून लाकडाची रेघ त्या भागातून सरळ लांबीला धावली पाहिजे. ती आडवी गेली तर लाकूड कितीही भारी असलं तरी एक दिवस मूठ तुटणारच.

बंदुकीला अक्रोड उत्तम, हे जगभर मानलेलं आहे आणि आपल्याकडे तो काश्मीरचा मिळतो. शिसवही चालतो, पण वजनाला जड. मिस्त्रींनी निवडला जुना साग. गिरगावात पाडलेल्या एका चाळीची तुळई त्यांनी कधीची घेऊन ठेवली होती. तशा चाळींना ब्रह्मदेशातून आलेला साग लागायचा. दोन-तीन पिढ्या छप्पर पेललेलं लाकूड आता आणखी वाळत नाही, पिळत नाही, आणि मुंबईच्या हवेत तेच हवं. करवत लावण्याआधी त्यांनी तुळईवरून इंच इंच लोहचुंबक फिरवलं. दोन ठिकाणी ते चिकटलं. आत मोडलेले खिळे होते आणि भोवती लाकूड काळं पडलं होतं. तेवढा भाग बाजूला ठेवून त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना तुळईवर सरकवत, फिरवत, मुठीतून रेघ सरळ जाईल अशी जागा शोधली. यातच एक सकाळ गेली. कापून निघालेला ठोकळा साडेतीन किलोचा होता. तयार स्टॉक सव्वा किलोच्याही आत बसला. बाकीचं सगळं भुशात आणि ढलप्यांत गेलं.

तयार स्टॉक हातात घेणारा त्याची बाहेरची वळणं बघतो. खरं काम आत असतं, आणि ते झाकलेलं राहतं. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो. छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच रायफल हललेली असते, आधी मागे, मग पुढे. ते हलणं टाळता येत नाही, पण दर वेळी ते सारखंच व्हायला हवं. पिस्टनचा सिलिंडर लाकडात कुठे घट्ट, कुठे अधांतरी बसला तर दर छर्र्याला हेलकावा बदलतो. दहा मीटरवरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर. आतली हयगय तिथे लगेच उमटते.

मिस्त्री तरुणपणी फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे, त्यात सुताएवढी चूकही चालत नसे. तो हात इथे दिसला. गोल पटाशीने त्यांनी सिलिंडरची खाच मुद्दाम जरा लहानच कोरली. मग काजळ तेलात खलून सिलिंडरच्या पोटाला बोटाने पातळ फासलं, तो खाचेत ठेवून लाकडी हातोड्याने एकदाच हलकेच ठोकला आणि सरळ वर उचलला. खाचेत तीन-चार काळे डाग उठले. फक्त तेवढेच, तासणीच्या धारेने, पिठासारखे खरवडून काढले. पुन्हा काजळ, पुन्हा ठोका.

"काळं लागेल तेवढंच काढायचं," ते मुलीला म्हणाले. "कोऱ्या जागेला हात लावायचा नाही बाळा. ती जागा अजून टेकलेली नाही."

डाग वाढत गेले. तीन-चारचे दहा झाले, मग बारीक ठिपक्यांची नक्षी झाली आणि शेवटी सबंध खाचेवर एकसारखी करडी झाक आली. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. सागात चिकट तेल असतं आणि वाळूसारखी बारीक कणीही, त्यामुळे पटाशीची धार पुन्हा पुन्हा जाते. मधूनमधून ते दगडावर पाणी टाकून ती लावत होते. नळी मोडताना खाली येणाऱ्या दांड्यासाठी लागणारी लांब फट त्यांनी अगदी गरजेपुरतीच ठेवली, कारण त्या फटीने पुढचा भाग कमकुवत होतो. स्क्रूच्या डोक्याखाली पितळी वायसर बसवले, म्हणजे आवळताना लाकूड दबणार नाही.

बाहेरचं काम त्या मानाने भराभर झालं, गालाची जागा सोडून. तिथे त्यांनी लाकूड मुद्दाम कमी उंच ठेवून वर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले. मुलीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सैल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. मागची खाच आणि पुढचं टोक आपोआप एका रेषेत दिसेपर्यंत पुठ्ठा वाढवायचा. डोळे मिटायचे कारण उघड्या डोळ्यांनी माणूस मान वाकडी करून नेम जुळवून घेतो, आणि मग कमी पडलेलं माप कळत नाही. पुढच्या हाताखाली लाकूड किती खोल हवं हेही असंच ठरलं. दहा मीटरचा नेम उभ्याने धरतात, उजवा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांवर जातो. तिचा कोपर हाडापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिथलं लाकूड चांगलं दोन बोटं खोल ठेवलं.

चपडीचं फ्रेंच पॉलिश मिस्त्रींनी नाकारलं. घामाच्या हाताखाली ते टिकत नाही आणि पावसात पांढरं पडतं. ओल्या फडक्याने पुसून उठलेली कूस त्यांनी बारीक पॉलिशपेपरने बसवली, थिनरने वरची तेलकट ओढ काढली आणि जवसाचं तेल तळहाताने चोळलं. एक हात दिला की दोन दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा. आतल्या खाचेला आणि मागच्या कापलेल्या तोंडालाही तेवढंच तेल दिलं. जुलैतली ओल लाकडात शिरते ती या न दिसणाऱ्या जागांमधूनच.

मुलगी अजून वाढणार आहे. त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून मिस्त्रींनी पाच-पाच मिलिमीटरच्या चार चकत्या कापून, भोकं पाडून, तेल लावून दिल्या. हात लांबेल तसतशी स्टॉकच्या मागचा रबरी पाटा खोलून एकेक चकती आत घालायची. लांब स्क्रूही त्यांनी आधीच एका पुडीत बांधून ठेवले होते.