स्टेडियम फुल्ल, मग तिकिटं जातात कुठं?

मोठ्या मॅचची तिकिटं विक्रीला येतात आणि काही मिनिटांत संपतात. मग ती जातात कुठं?

२ एप्रिल २०११ ची वर्ल्डकप फायनल आठवा. वानखेडेची क्षमता सुमारे ३३ हजार, पण सर्वसामान्यांसाठी तिकिटं होती फक्त ४ हजार. बाकीची बहुतांश क्रिकेट संघटनेशी जोडलेले क्लब आणि आयसीसीच्या कोट्यात गेली.

अशा कोट्यातूनच प्रायोजक कंपन्यांना करारानुसार तिकिटं मिळतात. काही कंपन्या तर अख्खा बॉक्सच विकत घेतात. तिथं बसतात त्यांचे डीलर, मोठे ग्राहक आणि पाहुणे. कंपनीच्या हिशेबात हा जाहिरातीचा खर्च. त्यामुळं दर वाढले तरी तिला फारसं जड जात नाही.

जड जातं ते रात्रभर एसटीनं प्रवास करून येणाऱ्या चाहत्याला. उरलेल्या मोजक्या तिकिटांवर उड्या पडतात अन् काळाबाजारवाल्यांचं फावतं. उलट पासवाला पाहुणा आलाच नाही, तर खुर्ची रिकामी राहते.

गंमत म्हणजे, १९७० च्या दशकात वानखेडे उभं राहिलं तेच ब्रेबॉर्नवरच्या तिकीटवाटपाच्या वादातून. वाटपाचा प्रश्न मात्र चाहत्यांसाठी आजही तसाच आहे. म्हणून तिकीट हातात पडल्याशिवाय मुंबईची गाडी धरू नये, हेच बरं.