‘पैसे पोंचले’ हें कोणीं सांगावयाचें?

पुण्यांतील पुष्कळ एकत्र कुटुंबांतून हल्लीं कांहीं ना कांहीं विकलें जातें. सासू-सुना मिळून दिवाळीचा फराळ करितात, तो समुद्रापार जातो. धाकटे काका संस्कृतचे वर्ग घेतात, त्यांचे विद्यार्थी चार देशांत विखुरलेले असतात. पैसे घेण्याचा प्रश्न आला म्हणजे हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत जाणाऱ्या पुतण्याकडे सारे पाहूं लागतात. तो रविवारीं सकाळीं बसतो आणि पानें वाढण्यापूर्वीं घरच्या संकेतस्थळावर पैसे स्वीकारण्याची खिडकी उघडून देतो. एवढें काम इतक्या लवकर कसें झालें, असें विचारल्यास ‘लायब्ररी वापरली’ एवढेंच उत्तर मिळतें.

लायब्ररी हा शब्द पुण्यास नवा नाहीं; 1848 सालीं स्थापन झालेलें नगर वाचन मंदिर सर्वांच्या ओळखीचें आहे. परंतु संगणकाच्या लायब्ररींत पुस्तकें नसून दुसऱ्या कोणीं लिहून व पारखून ठेवलेल्या आज्ञांचा संच असतो. जें काम हजारों दुकानदारांस एकाच प्रकारें करावें लागतें, तें प्रत्येकानें पहिल्यापासून लिहीत बसूं नये, हा तिचा हेतु. ऑनलाइन वसुली करणाऱ्या पेढ्या ही लायब्ररी दुकानदारांस फुकट देतात. हर्षिल माथूर व शशांक कुमार यांनीं 2014 सालीं काढलेली रेझरपे ही अशांपैकींच एक पेढी असून, तिच्या लायब्रऱ्या पायथॉन, पीएचपी, जावा अशा निरनिराळ्या संगणकभाषांतून मिळतात.

व्यवहार असा होतो. गिऱ्हाइकानें फराळाचा डबा निवडला कीं, आपलें संकेतस्थळ ज्या संगणकावर वसतें तो सर्व्हर लायब्ररीच्या द्वारें पेढीस अमुक रकमेची मागणी नोंदविण्यास सांगतो. रक्कम पैशांत सांगावयाची असते. पांचशें रुपयांसाठीं 50000 लिहावें लागतें. येथें दोन शून्यें विसरणारा पांचशेंचा डबा पांच रुपयांस विकतो, आणि लायब्ररी त्यास अडवीत नाहीं, कारण पांच रुपये हीही एक रक्कमच आहे! पेढी मागणीस क्रमांक देते. मग गिऱ्हाईक पेढीच्याच खिडकींत आपलें कार्ड अगर युपीआय वापरून पैसे भरतें. कार्डाचा क्रमांक आपल्या घरीं येतच नाहीं, व येऊंही नये. व्यापाऱ्यानें तो साठवून ठेवूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 1 ऑक्टोबर 2022 पासून अमलांत आहे.

येथपर्यंत सारें सरळ आहे. खरी मेख पुढें आहे. पैसे भरून झाल्यावर गिऱ्हाइकाचा फोन आपल्या संकेतस्थळाकडे परत येतो आणि म्हणतो, ‘पैसे पोंचले.’ हें वाक्य कोणाचें? पेढीचें नव्हे. तें गिऱ्हाइकाच्या हातांतील यंत्राचें आहे, आणि त्या यंत्राचा मालक मनांत आणील तर पैसे न भरतांही तेंच वाक्य त्याकडून वदवूं शकतो. बाजारांत बनावट पावतीचें चित्र दाखवून माल नेणारे लोक असतात, म्हणून दुकानदार रक्कम मोठ्यानें बोलून दाखविणारा लहानसा डबा समोर ठेवितो. त्यांतलें शहाणपण हेंच कीं, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर न विसंबतां आपल्या खात्याकडून आलेल्या निरोपावर विसंबावें.

आपल्या पूर्वजांस ही अडचण चांगली ठाऊक होती. हुंडींत रक्कम एकदां लिहून भागत नसे. शंभर रुपये, निमे पन्नास, त्यांचे दुप्पट, असें फिरवून लिहीत, म्हणजे आंकड्यापुढें शून्य वाढविणाऱ्याची लबाडी निम्म्यापाशीं अडावी. पेढी आज तेंच काम स्वाक्षरीनें करिते. मागणीचा क्रमांक व भरण्याचा क्रमांक एकत्र करून, त्यांत आपणांस व पेढीस दोघांसच ठाऊक असलेली गुप्त किल्ली मिसळून, गणितानें चौसष्ट अक्षरांचें एक चिन्ह काढतात. मिहिर बेल्लारे, रान कानेटी व ह्युगो क्रॉचिक या तिघांनीं 1996 सालीं ही रीति मांडली. क्रमांकांत एका अक्षराचा फरक झाला तरी सबंध चिन्ह बदलतें, आणि किल्लीवांचून खरें चिन्ह बनवितां येत नाहीं. आपल्या सर्व्हरानें तेंच गणित स्वतः करून दोन्ही चिन्हें जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें. लायब्ररींत यासाठीं तयार आज्ञा असते. ती बोलावण्यास एक ओळ पुरते. दुःखाची गोष्ट अशी कीं, ती ओळ न लिहितांही दुकान चालतें, डबे जातात, पैसेही येतात. म्हणूनच ती राहून जाते. किल्लीचेंही तसेंच. सर्वांस दिसणाऱ्या पानांत ती लिहून ठेवणें म्हणजे घराण्याचा शिक्का ओटीवर टाकून काशीस जाणें होय.

‘हो’ म्हणणारा खरा कोण, हें न कळतां ‘हो’ मान्य झालें तर काय होतें, तें पुण्यानें 2018 सालीं पाहिलें. कॉसमॉस सहकारी बँक ही 1906 सालीं पुण्यांत स्थापन झालेली, मध्यमवर्गाच्या विश्वासावर वाढलेली जुनी संस्था. शनिवार, 11 ऑगस्ट रोजीं चोरांनीं एटीएम व बँकेची मुख्य यंत्रणा यांच्या मध्यें एक खोटा मध्यस्थ उभा केला. परमुलखांत नक्कल केलेलें कार्ड यंत्रांत घातलें कीं, ‘पैसे द्यावे काय?’ हा प्रश्न बँकेकडे न जातां त्या मध्यस्थाकडे जाई, आणि तो बँकेच्या नांवानें ‘द्या’ असें उत्तर देई. अवघ्या कांहीं तासांत 28 देशांतून सुमारें 78 कोटि रुपये निघाले. हिंदुस्थानांतही अडीच कोटि निघाले, त्यांत कोल्हापूरचीं यंत्रें होतीं. सोमवारीं, 13 ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेंतून आणखी सुमारें 14 कोटि हाँगकाँगच्या एका खात्यांत रवाना झाले. एकूण 94 कोटींचा हा दरोडा. कोठें कुलूप तुटलें नाहीं, कीं कोणास इजा झाली नाहीं. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचें बँकेनें जाहीर केलें. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें 2019 च्या अहवालांत या कृत्याचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. आणि एप्रिल 2023 मध्यें पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस शिक्षा सुनावल्या.

घरच्या फराळाच्या दुकानाची या प्रकाराशीं तुलना करणें कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बँकेची फसगत करण्यास कसलेले शत्रु व मोठी खटपट लागली. घरच्या दुकानांत ती एक ओळ राहिली तर तोच प्रकार कॉलेजांतला एखादा व्रात्य मुलगा दुपारच्या फावल्या वेळांत करूं शकेल.

उलट बाजूही आहे. पैसे खरोखर भरले, पण तेवढ्यांत गिऱ्हाइकाचा फोन बंद पडला, तर संकेतस्थळास कांहींच कळत नाहीं. यासाठीं पेढी आपल्या सर्व्हरास परभारें निरोप धाडते. त्यास वेबहुक म्हणतात. तोही स्वाक्षरी पाहूनच घ्यावा. शिवाय हा निरोप कधीं कधीं दोनदां येतो. मागणीचा क्रमांक न पाहणारें दुकान एका गिऱ्हाइकास दोन डबे पाठवितें. पेढ्या सरावासाठीं वेगळी किल्ली देतात, तिनें खरा पैसा हलत नाहीं. पुतण्यानें दुकान उघडण्यापूर्वीं हे सारे प्रसंग तिच्यावर घडवून पाहावे.

लायब्ररी उसनी आहे हेंही विसरूं नये. सप्टेंबर 2025 मध्यें जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या ज्या एनपीएम भांडारांत ठेवितात, तेथील एका लेखकास खोट्या पत्रानें फसवून चोरांनीं अठरा लायब्रऱ्यांत आपल्या ओळी घुसडल्या. त्या ओळी आभासी चलन पाठविणाऱ्याच्या नकळत घेणाऱ्याचा पत्ताच बदलून टाकीत. प्रकार कांहीं तासांत उघडकीस आला, हें दैव. लायब्ररी पेढीनें स्वतः सांगितलेल्या ठिकाणाहूनच घ्यावी आणि कोणती आवृत्ति घेतली तें लिहून ठेवावें.

राहिला हिशेब. पेढी पैसे त्याच क्षणीं आपल्या बँकेंत टाकीत नाहीं. कांहीं दिवसांनीं, आपलें शुल्क व त्यावरील कर कापून, अनेक गिऱ्हाइकांची रक्कम एकत्र पाठविते. त्यामुळें रोजकीर्दींत पांचशें आणि बँकेच्या पुस्तकांत त्याहून कमी असें दिसतें, व घरांत विनाकारण कुरबूर होते. मागणीच्या क्रमांकाप्रमाणें पेढीचा तक्ता उतरून घेऊन शुल्काचें खातें निराळें मांडलें म्हणजे मेळ बसतो. हें काम मात्र पुतण्याकडे देऊं नये. ज्या माउलीनें आजवर घरचा जमाखर्च पैन्‌पैचा सांभाळला, तिच्याकडेच तें असावें. एका डब्यामागें पेढी किती घेते हें तिला पहिल्याच आठवड्यांत कळेल, आणि पुढच्या दिवाळीच्या चकलीचा दरही मग तीच ठरवील.